लाल डिस्कवाला

ईरी, पेनसिल्व्हेनिया
१२ नोव्हेंबर २००७

टेरी,

इंटरनेटवरच्या फोरमवर तुझ्या शहरावरून 'टूसॉन ब्लू' हे नाव घेऊन रोज माझ्या नवऱ्याची अक्कल काढणारा माणूस तूच आहेस, हे मला सप्टेंबरपासून माहीत आहे. नाकारण्यात वेळ घालवू नकोस. प्रत्येक भांडणाच्या शेवटी 'बोला आता' असं लिहिणारा या देशात दुसरा कोणी असेल तर तो मला दाखव. सात वर्षांचा असताना जेवणाच्या टेबलावर हेच म्हणून तू चमचा आपटायचास आणि मग बाबांचा हात उठायचा.

तू विचारशील, आई कधीपासून सिनेमाच्या डिस्कवरची भांडणं वाचायला लागली? बाबांना वाचता येईनासं झालं तेव्हापासून. साखरेने डोळे खाल्ले. आत रक्त उतरतं, डॉक्टर लेझरने ते जाळतात, पुन्हा उतरतं. डाव्या डोळ्याला कडेकडेचं थोडं दिसतं, उजव्याला नुसतं धुकं आहे. तळघरातल्या त्या भल्यामोठ्या पडद्यासमोर ते खुर्ची ओढून नाक टेकेल इतके जवळ बसतात आणि मला विचारतात, "बर्निस, त्या माणसाच्या कोटाची वीण दिसते का? सावलीत फिल्मचा दाणा दिसतो का?" मी दिसेल ते सांगते. मग ते बोलतात आणि मी दोन बोटांनी टाइप करते. 'ईरीचा नॉर्ब' या नावाने तू जे वाचतोस, रात्रीच्या दृश्यातला काळा रंग कसा खोल आहे वगैरे, तो काळा रंग माझ्या डोळ्यांनी पाहिलेला असतो.

आता मला हे सगळं झोपेतही म्हणून दाखवता येईल. एकाच कामाच्या दोन डिस्क. एचडी डीव्हीडी लाल डबीत येते, ब्लू-रे निळ्या डबीत. लाल डिस्क निळ्यांच्या यंत्रात चालत नाही, निळी लालवाल्यांच्या यंत्रात चालत नाही, आणि दोन्हींपैकी एकीलाच दुकानात जागा राहणार. मला विचारशील तर दोन्हींचं चित्र सारखंच चांगलं दिसतं. पण हे मत या घरात मांडायची सोय नाही.

तुझं प्रत्येक पोस्ट मी मोठ्याने वाचून दाखवते. 'या आजोबांनी पूर्वी बाजारात हरलेलं बीटाचं टेपयंत्र घेतलं होतं, आता लाल डबी घेतली. बुडणारी बोट दिसली की हे तिकिटाच्या रांगेत पहिले.' हे मला माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. मला वाटलं, झालं, आता ओळखतील, बीटाची गोष्ट बाहेरच्याला कशी ठाऊक? पण ते खो-खो हसले, इतके की खोकला लागला, आणि म्हणाले, "लिही, लिही, या गाढवाला उत्तर लिही." कशाबद्दल काही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. मूत्रपिंडं जायला लागली आहेत. आठवड्यातून तीन दिवस यंत्रावर रक्त धुवून घ्यावं लागेल, असं डॉक्टर सांगतात. बाबा म्हणतात, नाही. "खुर्चीला बांधून घेऊन जगायचं कशासाठी?" दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. संध्याकाळी मी म्हणते, टूसॉनवाल्याचं आलंय, की उठून बसतात. चोवीस तासांत तेवढाच एक तास ते जिवंत असतात.

तू बाबांबरोबरचा इंजिनांचा कारखाना सोडलास त्याचा राग त्यांनी का धरला, तू गेलास ते परत का आला नाहीस, तुझ्या एलेनाच्या बाप्तिस्म्याला ते का आले नाहीत, यातलं काहीही मला आता उकरायचं नाही. तुम्ही दोघे एकाच मातीचे आहात, एवढंच बोलते. माझं मागणं एकच आहे. भांडत राहा. थांबू नकोस, मऊ होऊ नकोस आणि तू कोण आहेस ते सांगू नकोस.

पत्र घरच्याच पत्त्यावर पाठव. इथे ते वाचणारी मीच.

आई


२७ डिसेंबर २००७

टेरी,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. 'त्यांना माहीत आहे का' आणि 'मी येऊ का'. पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं उत्तर मी देणार नाही, कारण तू विचारून येणार असशील तर येणारच नाहीस.

या महिन्यातली तुझी पोस्टं उत्तम होती. 'लाल यंत्र सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माझ्या बायकोचं बाळंतपण उरकेल' हे वाचताना मलाच हसू आलं. बाबांनी तीन दिवस उत्तर घोळवलं आणि त्या तीन दिवसांत सूप पूर्ण संपवलं.

नाताळच्या आधीच्या शनिवारी आमच्या तळघरात सामना झाला. फोरमवरची ही माणसं असं करतात हे तुला माहीतच असेल. दोन्ही यंत्रं चादरीमागे लपवायची, एकच सिनेमा दोन्हींवर दाखवायचा आणि कुठलं लाल, कुठलं निळं हे नुसत्या चित्रावरून ओळखायचं. क्लीव्हलंडहून दोघे आले, पिट्सबर्गहून एक, आणि बफेलोहून तो ड्वेन, दाढीवाला, तुमच्या निळ्यांचा भक्त. मी बीन्स आणि खिम्याचं मोठं पातेलं शिजवलं होतं. बाबांनी सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला. तळघरात पायऱ्या किती, खुर्ची कुठे, हे आम्ही दोघांनी आदल्या दिवशी पाठ केलं होतं. कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

"नॉर्ब, आज तुझं नाक कापणार बघ," ड्वेन म्हणाला.

"आधी तुझी दाढी काप. तिच्यामुळे मला पडदा दिसत नाही," बाबा म्हणाले.

सगळे हसले. मी वाढायला वळले.

मग खेळ सुरू झाला. एक दृश्य पहिल्या यंत्रावर, तेच दुसऱ्यावर. हे चार घोडे पडद्याजवळ जाऊन डोळे बारीक करतात, मागे येतात, एकमेकांशी हुज्जत घालतात. बाबा मागच्या खुर्चीत मान टाकून बसले होते. विचारलं की शांतपणे सांगायचे, "पहिलं लाल." "आता दुसरं लाल." बाकीच्यांची निम्मी उत्तरं चुकली. बाबांचं एकही चुकलं नाही. ड्वेनने टोपी काढून त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. "या माणसाला डोळे आहेत की काय आहे!" तो म्हणाला. बाबांनी टोपी चाचपली आणि म्हणाले, "तुमच्यासारखे दिखाऊ नाहीत, एवढंच."

ती मंडळी गेल्यावर मी विचारलं, कसं ओळखलंस? म्हणाले, "लाल यंत्र डिस्क वाचायला घेताना आधी घुरघुरतं, मग एकदा खट् करतं. निळं गप्प असतं. आयुष्यभर इंजिनं ऐकली मी, बर्निस." मग जरा वेळाने म्हणाले, "टूसॉनवाला इथे असता तर त्याने पकडलं असतं."

मी पातेलं घासायला घेतलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी बटाट्याच्या सारणाचे पिरोगी केले, आयरीन शेजारून आली, रीतीप्रमाणे तिघांनी चर्चची पवित्र पापडी मोडली. बाबांनी चार तुकडे केले. चौथा कोणाचा हे त्यांनी सांगितलं नाही, आयरीननेही विचारलं नाही. तो या पाकिटात आहे. वाटेत चुरा झाला तरी खा.

आई


८ जानेवारी २००८

टेरी,

तुला काय सांगितलं होतं मी?

शुक्रवारी बातमी आली. आजवर दोन्ही रंगांच्या डिस्क काढणारा तो मोठा स्टुडिओ यापुढे फक्त निळी काढणार. मी ती बाबांपासून दोन दिवस लपवली, पण ड्वेनने फोन केला. सांत्वन करायला! जणू घरात कोणी गेलं होतं. बाबा म्हणाले, ठीक आहे, ठीक आहे, अजून दोन स्टुडिओ आपल्याकडे आहेत. मग मला खाली नेलं, संगणक लावायला सांगितला, हात चोळत बसले. म्हणाले, "आज टूसॉनवाला नाचत असेल. वाच. सगळं वाच, एक शब्द गाळू नकोस."

आणि तू काय लिहिलं होतंस? 'आजोबा, तुम्ही छान लढलात. तांत्रिकदृष्ट्या तुमची बाजू वाईट नव्हती. तब्येतीची काळजी घ्या.'

काळजी घ्या! शेवटी 'बोला आता'सुद्धा नाही.

त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "एवढंच आहे?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं. मग म्हणाले, "याला कोणीतरी सांगितलंय."

"काय?"

"मी मरतोय ते."

मी म्हटलं, फोरमवरच्या माणसाला कोण सांगणार? तुला उत्तर लिहायला त्यांनी सांगितलं नाही. वर आले, अंथरुणात शिरले, भिंतीकडे वळले. त्या दिवसापासून इन्सुलिनची सुई टोचून घ्यायलाही हात पुढे करत नाहीत, मला ओढावा लागतो. काल डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, यंत्र आता सुरू करायला हवं, नाहीतर उन्हाळा दिसणार नाही. बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात काय आहे?"

तुझ्या चांगुलपणाचा मला संताप आला आहे, टेरी. तुला वाटलं, आपण मोठ्या मनाचे झालो. तू फक्त भांडण संपवलंस. तुझ्या बापाला दया दाखवणारी माणसं इथे पुष्कळ आहेत, चर्चमध्ये दर रविवारी रांग लागते. त्यांना तू शत्रू म्हणून हवा आहेस. ते तुला जमत होतं, मग अंगावर का येत नाहीस?

आई


२६ फेब्रुवारी २००८

टेरी,

शाबास.

गेल्या मंगळवारी लाल यंत्रांच्या कंपनीने जाहीर केलं की ती बनवणं बंद. मी रेडिओवर ऐकलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसले. वाटलं, आता हा माणूस संपला. खाली जाऊन संगणक उघडला तर तुझं पान होतं. ते मी जिन्यातूनच ओरडून वाचायला सुरुवात केली.

'लाल डबीवाल्यांनो, कुठे लपलात? ईरीचा नॉर्ब महिनाभर गप्प आहे. मला वाटलं होतं हा माणूस बोटीबरोबर बुडणारा कप्तान आहे. हा तर उंदीर निघाला, पहिल्या थेंबाला पळाला. आयुष्यभर चुकीच्या घोड्यावर पैज लावायची आणि हरल्यावर तब्येतीचं कारण सांगायचं. बोला आता.'

उंदीर! चर्चमध्ये कोणी असं म्हटलं असतं तर मी हातातली पर्स त्याच्या तोंडावर मारली असती. पण बाबा उठून बसले, टेरी. पाय खाली सोडले. गालावर रंग आला. म्हणाले, "परत वाच. उंदरापासून." मग म्हणाले, "माझा सदरा दे."

दोन तास बोलत होते. माझी बोटं दुखायला लागली. लाल यंत्र स्वस्त होतं म्हणून सामान्य माणसाच्या घरात गेलं, पहिल्या दिवसापासून पूर्ण बनून आलं, निळ्यांची यंत्रं अर्धीकच्ची विकली, चांगली गोष्ट हरली म्हणून ती वाईट ठरत नाही, आणि तुझ्यासारख्या विक्रेत्यांना वस्तू कळत नाही, फक्त कोण जिंकतंय ते कळतं. हे शेवटचं त्यांनी सावकाश सांगितलं आणि मला परत वाचायला लावलं.

नंतर म्हणाले, "या गाढवाशी पुरं पडायला मला बरेच महिने लागतील. ती गाडी बोलाव."

गेल्या गुरुवारपासून मंगळवार, गुरुवार, शनिवार गाडी दारात येते. सुया जाड असतात, तिथे थंडी वाजते, परत आले की माती झालेली असते. पण जातात. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये, ईस्टरआधी मटण वर्ज्य म्हणून, उपवासाचे तळलेले मासे होते, तिथेही आले, अर्धा पर्च खाल्ला आणि आयरीनला एचडी डीव्हीडी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बिचारी ऐकून घेते.

तू कसा आहेस? मारिसेलाची तब्येत? तिसरं बाळ कधी? हे मी विचारायचं विसरतेच. पुढच्या पत्रात सांग.

आई


१७ एप्रिल २००८

टेरी,

हे मी यंत्राच्या दवाखान्यातून लिहिते आहे. बाबा समोरच्या खुर्चीत आहेत, हाताला दोन नळ्या, पायावर दोन ब्लँकेटं. मी हिशेब लिहिते आहे असं त्यांना वाटतं.

फोरमच्या चालकांनी मार्चमध्ये सगळ्या भांडणांना कुलूप घातलं. युद्ध संपलं, सर्वांनी हात मिळवावे, या विषयावर नवं काही लिहू नये. खाली ड्वेनने फुलांचं चित्र टाकलं होतं. मी ते बाबांना वाचून दाखवलं नाही. तुला मात्र लगेच कळवलं होतं, आता फोरम नाही तर मला पत्राने पाठव, मी वाचून दाखवेन, त्यांना काय कळतंय. तुझं उत्तर इतक्या उशिरा आलं, तेही कार्डावर. 'आई, ते सगळं संपलंय. दुकानातून आम्ही लाल डब्या काढूनसुद्धा टाकल्या. आता मेलेल्या गोष्टीवर काय लिहू? मला हे नाटक जमत नाही. त्यांना बोलायचं असेल तर माझा नंबर तुझ्याकडे आहे.'

तो नंबर ते फिरवणार नाहीत, तूही फिरवणार नाहीस. तुम्हा दोघांना नावानिशी बोलता येत नाही, म्हणून तर हा खेळ होता. हे तुला समजत नाही असं मला पटत नाही.

मग मी काय करते ते सांगते. ईस्टरच्या आधीपासून 'टूसॉन ब्लू' मी आहे. दर संध्याकाळी मी रिकाम्या पडद्याकडे बघून वाचते. पहिल्या दिवशी आवाज कापला, आता सराव झाला. परवा मी त्यांना गंजलेलं इंजिन म्हटलं. चाळीस वर्षांचा संसार, पुष्कळ साठलेलं असतं, सुचायला वेळ लागत नाही. ते उत्तर सांगतात आणि मी कळा दाबते, त्यांना आवाज ऐकू यावा म्हणून. ते उत्तर कुठेच जात नाही.

पण मला भीती वाटते. शिव्या मला येतात, यंत्रं येत नाहीत. ते विचारतात, त्याने आवाजाच्या पट्ट्यांबद्दल काही म्हटलं का? डिस्कवर किती मावतं त्याबद्दल? मी म्हणते, आज नाही. किती दिवस आज नाही म्हणणार? आज ना उद्या मी काहीतरी भलतंच बोलून बसेन. मला आठवड्याला पाच ओळी पाठव. खऱ्या, तुझ्या डोक्यातल्या. त्यांच्यासाठी जमत नसेल तर माझ्यासाठी पाठव. हा माणूस त्या गाडीत चढतो तो फक्त तुझ्याशी भांडायला, हे तुला दुसऱ्यांदा सांगते आहे.

नर्स आली. थांबते.

आई


६ मे २००८

टेरी,

माझ्या हातून गेलं.

तुझ्या पाच ओळी आल्या नाहीत. रविवारी मला काही सुचेना, म्हणून मी वाचलं, 'तुमची लाल डिस्क तर परदेशातून मागवली की इथल्या यंत्रात चालतसुद्धा नाही.' कुठेतरी असं वाचल्यासारखं वाटलं होतं. नंतर कळलं की ते अगदी उलट आहे. देशादेशांचं कुलूप निळ्यांना आहे. लाल डिस्क जगातली कुठलीही कुठेही चालते, आणि लालवाल्यांची छाती ज्या गोष्टीने फुगायची ती हीच. निळ्यांपैकी कितीही मूर्ख माणूस असला तरी तो त्या विषयाला हात लावायचा नाही.

बाबांनी मान तिरपी केली. मला वाटलं उत्तर जुळवताहेत.

मग म्हणाले, "टेरी असं लिहिणार नाही."

नाव घेतलं त्यांनी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सहज, मीठ मागावं तसं. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? म्हणाले, "पहिल्या आठवड्यापासून. मी ते यंत्र कशाला घेतलं असं तुला वाटतं? तो निळी विकतो, म्हणून मी लाल घेतली." मग म्हणाले, "कधी थांबला तो?"

"ईस्टरच्या आधी."

"म्हणजे तेव्हापासून तू."

"हो."

"शिव्या बऱ्या देतेस," ते म्हणाले आणि हात पुढे केला. मी तो धरला. त्यांनी रागावावं म्हणून मी वाट बघत होते. रागावले नाहीत. तिथेच मला कळायला हवं होतं.

आज मंगळवार. गाडीने दारात दोनदा भोंगा वाजवला. बाबा अंथरुणातून म्हणाले, "त्यांना परत पाठव, बर्निस. पुन्हा येऊ नका म्हणावं." मी रडले, ओरडले, आयरीनला बोलावलं, फादरना बोलावलं. फादर म्हणाले, हा त्यांचा निर्णय आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. सगळे किती समजूतदार आहेत! यंत्राशिवाय आठवडा, फार तर दोन. शेवटी नुसती झोप येईल, दुखणार नाही, म्हणाले.

अजून शुद्धीवर आहेत. कान शाबूत आहेत. तू ये. मारिसेलाला जड जात असेल तर एकटा ये, पण पत्र मिळालं की त्याच दिवशी नीघ. फोनही केला होता, तुझ्या यंत्राने निरोप ठेवायला सांगितलं, मी ठेवला. आलास की दारात रडू नकोस, माफी मागू नकोस. सरळ त्यांच्या खोलीत जा आणि म्हण, तुमचं चुकलं होतं. कारखान्याबद्दल म्हण, डिस्कबद्दल म्हण, कशाबद्दलही म्हण. ते उठून बसतील. मी हे दोनदा झालेलं पाहिलं आहे.

आई


२९ मे २००८

टेरी,

तू गेल्यावर मी घर आवरलं. तळघर तसंच ठेवलं आहे. ड्वेनने यंत्र नेऊ का विचारलं, मी नाही म्हटलं.

तुझं विमान मंगळवारी आलं, ते त्याच्या आधीच्या रविवारीच गेले. निरोप तू ऐकला होतास. दुकानातून सुट्टी मिळेना, मग तिकीट मिळेना, हे तू मला सांगितलंस आणि मी मान हलवली, कारण चर्चमध्ये लोक होते. तू पेटीजवळ उभा राहून त्यांच्या हातावर हात ठेवलास. मग सगळ्यांसमोर बोललास. वडील फार हुशार होते, आमचे मतभेद होते पण मनात प्रेम होतं, त्यांच्याकडून मी खूप शिकलो. आवाज मऊ होता. लोकांनी डोळे पुसले. मी पुसले नाहीत. ते जायच्या आधीच्या आठवड्यात दाराचा आवाज झाला की तुझे बाबा डोकं उचलायचे. शेवटचे दोन दिवस उचलता येईना, तेव्हा मान वळवायचे. फादर आले, आयरीन आली, नर्स आली, त्यांच्या आवाजावर पुन्हा भिंतीकडे वळायचे. हे मी तुला त्या दिवशी सांगितलं नाही. आता सांगते.

संध्याकाळच्या विमानाने तू परत गेलास. जाताना म्हणालास, "आई, काही लागलं तर कळव."

मला काय लागतं त्याचा मी विचार केला. दोन वर्षं तू तुझ्या बापाला जवळजवळ रोज लिहिलंस. मी सगळं वाचलं आहे, मोठ्याने. काय विनोद होते त्यात, काय हट्ट, किती जीव ओतायचास. तुझा आवाज या घरात रोज असायचा, माझ्या तोंडून. आणि मला तुझ्याकडून काय आलं? मारिसेलाच्या अक्षरातली नाताळची कार्डं, त्या चार ओळी, आणि एक कार्ड, तेही त्यांच्याविषयी. बाळ झालं का, हे मला चर्चच्या पायरीवर तुझ्या खिशातल्या फोटोवरून कळलं. मी तुझ्यावर कधी रागावले नाही, तू गेलास तेव्हाही नाही. तुझी बाजू घेऊन मी या माणसाशी भांडत राहिले. ज्याने तुला घराबाहेर काढलं त्याला तुझी पानंच्या पानं मिळाली, आणि मला, काही लागलं तर कळव.

तर आता ऐक. हे दुःखात सुटलेलं बोलणं आहे असं मारिसेला म्हणेल. तसं नाही. मी नाश्ता केला आहे, डोकं थंड आहे.

तू तुझ्या बापाला मारलंस. आठवड्याला पाच ओळी मागितल्या होत्या, त्या तुला नाटक वाटल्या. तुला बहीण असती तर तिला हे सांगावं लागलं नसतं. तू भित्रा आहेस, आळशी आहेस आणि कोण जिंकतंय ते बघून माणसं धरणारा आहेस. बाबा तुझ्याबद्दल जे म्हणायचे ते सगळं बरोबर होतं. तू म्हणशील, मारलं ते आईने, परदेशातल्या डिस्कचं भलतं वाक्य तिच्या तोंडून गेलं. म्हण. मी म्हणते, तूच मारलंस.

खोटं असेल तर तसं लिही. कुठे चुकलं ते दाखव, एकेक मुद्दा घेऊन. माझी अक्कल काढ. मला म्हातारी म्हण, खोटारडी म्हण, काय वाटेल ते म्हण. मीही उत्तर देईन, मला आता चांगलं येतं.

टपाल आमच्याकडे दुपारी येतं.

आई